ऑनलाइन अरबीचे क्लास वाढवायचेत? मग हे करा

सगळ्यांना सगळं शिकवतो असं म्हणू नका. रोज नमाज पढतात पण अर्थ कळत नाही असे लोक खूप आहेत, त्यांच्यासाठी आधी फातिहाच्या, म्हणजे नमाजात म्हणतात त्या कुराणातल्या पहिल्या सूरतीच्या (अध्यायाच्या), 7 आयतींचा (वचनांचा) छोटा कोर्स काढा, डेमो फुकट द्या, कारण ही सूरत पाठ असतेच आणि अर्थ लागला की माणूस स्वतःहून पुढची बॅच विचारतो. रील टाकताय तर फातिहातल्या ‘अलहम्दु’मधला ह घशाच्या मधून कसा निघतो ते नीट करून दाखवा. बायकांची बॅच वेगळी, शिकवायलाही बाईच हवी. कोकणातली कितीतरी माणसं दुबईला कामाला आहेत, तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, त्यांना इशाच्या, म्हणजे रात्रीच्या नमाजनंतरचा टाइम द्या. बॅच आठ-दहा जणांचीच ठेवा, प्रत्येकाचा उच्चार ऐकायलाच हवा.