शिडाच्या बोटीची खिडकी गळते तेव्हा
जुन्या बोटीच्या केबिनची खिडकी गळायला लागली की बाहेरून सिलिकॉनची रेघ ओढायचा मोह होतो. तो आवराच, पाण्याची वाट आत तशीच राहते. खिडकी पूर्ण काढा आणि जुनं सिलिकॉन प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. नखाला जरासा रबरी थर लागला, तरी नवीन सीलंट तिथे धरणार नाही. काच ॲक्रिलिकची, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची असेल तर पुसायला ॲसिटोन अजिबात नको, केसासारख्या बारीक चिरा पडतात. पॉलिसल्फाइड प्रकारचं सीलंटही नको. स्क्रू आरपार जात असतील तर भोकं थोडी मोठी ठेवा. उन्हात ॲक्रिलिक बोटीच्या फायबरग्लासपेक्षा बरंच जास्त फुगतं. आणि स्क्रू एकदम करकचून आवळू नका! सगळं सीलंट बाहेर पिळून गेलं तर सांध्यात उरणार काय? दोन-तीन मिलिमीटरचा थर राहू द्या.