ब्रेक मारला की पिकपचं स्टिअरिंग थरथरतं? डिस्क बदलायच्या आधी हे बघा

माळशेज उतरून टोकावड्याकडे सपाटीला लागलो होतो, मागे टोमॅटोचे क्रेट, पुढे एसटी थांबली म्हणून साठ-सत्तरच्या स्पीडला ब्रेक दाबला तर स्टिअरिंग असं थरथरायला लागलं की दोन्ही हातांनी घट्ट धरावं लागलं. ब्रेक सोडला की गप्प. गॅरेजवाल्याने चाक न खोलताच सांगितलं, डिस्क बेंड झालीय, जोडी बदला. (डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी, ब्रेक दाबला की पॅड तिला दोन्ही बाजूंनी पकडतात.) बदलली. चार-पाच हजार किलोमीटर गाडी मस्त चालली आणि परत तेच सुरू. दुसऱ्यांदा पैसे घालायच्या आधी मी सगळं स्वतः खोलून बघितलं, त्यातून जे कळलं ते इथे लिहितोय.

आधी थरथर नक्की कुठून येते ते ठरवा. ब्रेक न लावताच ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग हलत असेल तर ते बॅलन्सिंग, टायर नाहीतर रिमचं काम. फक्त ब्रेकला आणि हातात जाणवतं म्हणजे पुढची चाकं. सीट आणि बॉडी हलते, हात मात्र शांत, तर मागचे ड्रम, म्हणजे मागच्या चाकांतले डब्यासारखे ब्रेक, बघा. मागच्याची खात्री करायला गाडी रिकामी असताना, कोरड्या सरळ मोकळ्या रस्त्यावर तीस-चाळीसच्या स्पीडला हँडब्रेकचं बटण दाबून धरून हळूहळू ओढा, हँडब्रेक मागच्या ड्रमवर चालत असेल आणि तशीच थरथर आली तर ड्रम गोल राहिलेला नाही. आणि एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत एकदम जोरात ब्रेक मारल्यावर पॅडलला जे झटके बसतात तो बिघाड नाही, ते एबीएसचं कामच आहे.

दहा-बारा किलोमीटर फिरून आलात की पुढच्या दोन्ही रिमजवळ हात नेऊन बघा, हात लावू नका. एक बाजू जास्त तापली असेल, जळका वास येत असेल, ब्रेकला गाडी एका बाजूला ओढत असेल तर त्या बाजूचा कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, अडकतोय.

मग सपाट जागी मागच्या चाकांना दगड लावून गाडी जॅकवर घ्या, खाली स्टँड लावल्याशिवाय आत हात घालू नका. चाक वर-खाली धरून हलवा, खेळ लागला तर बेअरिंग नाहीतर बॉल जॉइंट (चाक सस्पेन्शनला जोडणारा सांधा). डावी-उजवी धरून हलवा, खेळ लागला तर बहुतेक टायरॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा). हे ढिले असतील तर डिस्कची बारीकशी थरथरही हातात मोठी होऊन येते, म्हणून आधी हे करून घ्या.

आता डिस्क. सगळे बेंड म्हणतात पण बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. ०.०२ मिलिमीटर फरक, म्हणजे केसाच्या जाडीच्याही साधारण तिसरा-चौथा हिस्सा, एवढ्यानेही हाताला कळतं. हा फरक येतो कुठून ते समजून घ्या. डिस्क हबवर (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात तो मधला भाग) किंचित तिरकी बसली तर ब्रेक न लावताही दर फेऱ्याला एकाच जागी पॅडला घासते, ती जागा हळूहळू झिजते आणि काही हजार किलोमीटरनी थरथर सुरू होते. म्हणूनच नवीन डिस्क टाकल्यावर पहिल्या दिवशी सगळं छान वाटतं!

माझ्या गाडीत डिस्क काढली तर हबच्या तोंडावर एका स्टडपाशी (चाकाचा नट ज्यावर चढतो तो बोल्ट) गंजाचा नखाएवढा पापुद्रा होता. पहिल्या वेळी तो न काढताच नवीन डिस्क वर चढवली होती. मध्यभागी एवढासा उंचवटा म्हणजे बाहेरच्या कडेला त्याच्या दुप्पट-तिप्पट डोलणं. तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर मारून हब स्वच्छ होईपर्यंत घासा, बोट फिरवून बघा. डिस्क बसवून नट आवळा आणि डायल गेज (बारीक डोलणं मोजणारं घड्याळासारखं मीटर) लावून कडेपासून साधारण एक सेंटीमीटर आत एक फेरा मोजा, बऱ्याच गाड्यांना ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या आतच चालतं, नक्की आकडा तुमच्या मॅन्युअलचा धरा.

डिस्क जाड असेल तर लेथवर फेसिंग (पृष्ठभाग कापून सपाट) करून चालते, पण कमीत कमी जाडी डिस्कवरच कोरलेली असते, त्याच्या खाली गेली की बदलायचीच, आणि दोन्ही बाजूंची एकदम.

कॅलिपर उतरवला की तो पाइपावर लोंबकळत ठेवू नका, तारेने वर बांधा. स्लाइड पिन, म्हणजे ज्यांच्यावर कॅलिपर सरकतो त्या, बोटांनी सहज सरकायला पाहिजेत. जाम असतील तर साफ करून ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा, साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पिन परत अडकतात.

चाक चढवताना नट समोरासमोर, दोन-तीन टप्प्यांत, शेवटी टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) मॅन्युअलच्या आकड्यावर. पंक्चरच्या दुकानात एअर गनने एकेक नट धाडधाड आवळतात त्यानेसुद्धा डिस्क तिरकी बसते, तिथे सरळ सांगा, दादा गनने नुसते टेकवा, बाकी मी पान्याने आवळतो. बाहेर पडायच्या आधी ब्रेक पॅडल कडक होईपर्यंत चार-पाच वेळा दाबा, नाहीतर पहिला ब्रेक खाली जातो.

नवीन पॅड लावल्यावर ते डिस्कशी घासून जमवायची पद्धत: मोकळ्या रस्त्यावर साठवरून पंधरापर्यंत मध्यम ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही, मध्ये अर्धा मिनिट चालू द्यायची, असं आठ-दहा वेळा आणि मग दहा मिनिटं शक्यतो ब्रेक न लावता चालवा म्हणजे थंड होतात. घाट उतरताना गिअर खालचा ठेवा. उतरल्या उतरल्या लगेच ब्रेक दाबून उभे राहू नका, तापलेल्या पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी चिकटतो आणि पुन्हा तीच थरथर. तापलेल्या चाकांवर पाणीही मारू नका, आधी चहा घ्या, गाडी थंड होऊ द्या.

शंभरेक किलोमीटर झाले की नट परत एकदा पान्याने बघा, माझ्या डाव्या चाकाचे दोन नट तेव्हा थोडे फिरले होते.