चित्रपटासाठी विरहगीत रचताना या चुका टाळा

ठाण्यातल्या घरगुती स्टुडिओंमध्ये तयार झालेली विरहगीते माझ्याकडे नेहमी ऐकायला येतात आणि त्यांपैकी बहुतेकांत त्याच त्या चुका असतात.

सर्वांत घातक चूक म्हणजे पडद्यावर दिसते तेच शब्दांत पुन्हा सांगणे. घोडबंदर रस्त्यावरच्या एका स्टुडिओत असे एक गाणे तयार होत होते. मुलगी परदेशी गेल्यावर वडील ठाणे स्थानकाच्या फलाटावर उभे राहतात आणि समोर आलेल्या दोन लोकल सोडून देतात, असा प्रसंग होता. गीतकार तरुण व तयारीचा होता. परंतु मुखड्यातच त्याने फलाट, गाडी, अश्रू आणि एकाकीपण हे सारे ओतले होते. चित्रासोबत गाणे लावले, तेव्हा नटाच्या गप्प चेहऱ्यावर गायक जणू टीपा देत होता. मुखडा बाद झाला. नव्या मुखड्यात मुलीच्या खोलीतला पंखा अजून रात्रभर चालू असतो, एवढेच आले, आणि प्रसंग उभा राहिला. मी स्वतः प्रसंग आधी आवाज बंद करून पाहतो, दिसणारी प्रत्येक वस्तू कागदावर लिहितो आणि ते शब्द गाण्यात वर्ज्य मानतो. या कामाला एक संध्याकाळ लागते. तेवढीही ज्याला द्यायची नाही, त्याने चित्रपटगीताच्या वाटेला जाऊ नये.

दुसरी चूक पट्टीची, म्हणजे गाण्याचा 'सा' किती उंच धरायचा याची. गायकाचा आवाज हार्मोनियमच्या पांढरी दोन या पट्टीत सहज फिरत असताना गाणे 'उठावे' म्हणून ते त्याहून चढ्या काळी तीनमध्ये नेले जाते. मुखडा निभावतो, पण अंतऱ्यात तार षड्जाच्या, म्हणजे वरच्या 'सा'च्या, वर जाताच दुःखाची जागा आरडाओरडा घेतो. म्हणून अंतऱ्यातली सर्वांत चढी ओळ गायकाकडून बसून, हळू आवाजात म्हणवून घ्यावी आणि ती जिथे सहज येईल तीच पट्टी ठेवावी. त्या ओळीतला लांबवायचा स्वर शक्यतो 'आ'कारावर यावा. ऱ्हस्व इकारावर तान ओढली की शब्द मोडतो.

लय उगाच संथ करू नये; ठेका रेंगाळला की ऐकणाराही रेंगाळतो. पियानो, व्हायोलिन आणि बासरी पहिल्याच ओळीला एकत्र आणू नयेत. रिव्हर्बने, म्हणजे आवाजाला दिलेल्या कृत्रिम घुमाऱ्याने, कच्चा सूर झाकण्याचा आळस तर मला मुळीच सहन होत नाही, कारण चित्रपटगृहाच्या ध्वनियंत्रणेवर तो सूर हमखास उघडा पडतो. गाण्याखाली संवाद येणार असेल, तर गायन आणि वाद्ये वेगवेगळ्या ट्रॅकवर द्यावीत.

फाइल 48 किलोहर्ट्झ सॅम्पल रेटमध्येच (सेकंदाला आवाजाचे 48 हजार नमुने) पाठवावी. 44.1 किलोहर्ट्झची फाइल रूपांतर न करता 48 वर वाजली, तर चार मिनिटांचे गाणे साडेएकोणीस सेकंद आधी संपते आणि काळजीपूर्वक निवडलेली पट्टीही चढते.