बॅटमॅनच्या छातीवरचं वटवाघूळ: आधी साल ठरवा, मग पेन्सिल उचला

बॅटमॅनचं चिन्ह काढायला बसलं की हात आधी पंखांकडे जातो, आणि गडबड तिथेच होते. पंख एका काळातले, कान दुसऱ्या, भोवतीचं पिवळं लंबवर्तुळ तिसऱ्याच. चित्र सफाईदार असतं, तरी जुनी कॉमिक्स वाचलेल्या माणसाला ते खटकतं. या चिन्हाचा आकार आणि अर्थ कायम जोडीने बदलत आलेत. त्यामुळे कोणत्या सालचा बॅटमॅन काढायचाय, हा पहिला निर्णय.

पिवळा रंग आहे का, ते बघा

काळ ओळखायची ही सर्वात सोपी खूण. पिवळा अजिबात नाही आणि करड्या कपड्यावर लहानसं, थोडं वेडंवाकडं काळं वटवाघूळ आहे, तर ते बहुधा १९३९ ते १९६४ मधलं. मे १९३९ च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७ व्या अंकात बॉब केन आणि बिल फिंगर यांचा बॅटमॅन पहिल्यांदा आला. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या ३३ व्या अंकात या चिन्हामागचं कारण कळलं. गुन्हेगारांना धडकी भरेल असं रूप ब्रूस वेन (मुखवट्यामागचा माणूस, म्हणजे बॅटमॅनच) शोधत असतो, तेवढ्यात उघड्या खिडकीतून वटवाघूळ आत येतं. म्हणजे मूळ अर्थ एकच: भीती. या काळात ठरलेला नमुना नव्हता. चित्रकार बदलला की वटवाघूळ बदलायचं, एकाच गोष्टीतल्या दोन चौकटींतही ते सारखं नसायचं. हे चिन्ह काढताना फूटपट्टी बाजूला ठेवा. मोजूनमापून काढलेलं १९३९ चं वटवाघूळ चुकीचंच दिसतं.

काळ्या वटवाघळाभोवती भरीव पिवळं लंबवर्तुळ असेल, तर ते १९६४ नंतरचं. संपादक ज्युलियस श्वार्ट्झ आणि चित्रकार कार्माइन इन्फॅन्टिनो यांनी मे १९६४ च्या ३२७ व्या अंकात बॅटमॅनला नवं रूप दिलं, तेव्हा ते आलं. गडद करड्यावर काळं चित्र स्वस्त कागदावर छापलं की दबून जातं. पिवळ्यावर तेच काळं लांबून दिसतं. शिवाय आकाशात झोत टाकणारा बॅट-सिग्नल फेब्रुवारी १९४२ च्या ६० व्या अंकापासून वाचकांच्या ओळखीचा होताच. पिवळ्या गोलातलं वटवाघूळ म्हणजे जणू तोच दिवा छातीवर बसवलेला. भीतीची खूण आता मदत येत असल्याची खूणही झाली. जानेवारी १९६६ मध्ये अ‍ॅडम वेस्टने बॅटमॅन साकारलेली टीव्ही मालिका सुरू झाली आणि कॉमिक्स कधी न उघडलेल्या घरांतही हेच रूप पोचलं.

मग १९८६. फ्रँक मिलरच्या चार भागांच्या ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ या कॉमिकमध्ये पहिल्याच भागात पिवळ्या वर्तुळाचा वेगळा खुलासा येतो: ते निशाण आहे, मुद्दाम लावलेलं. डोक्याला चिलखत घालता येत नाही, छातीला येतं, म्हणून गोळी छातीकडेच यावी. बावीस वर्षं सगळ्यांनी पाहिलेल्या आकाराची एक रेघही न हलवता त्याचा अर्थ उलटा केला! चिन्हाच्या साऱ्या प्रवासात याहून हुशार बदल दुसरा नाही. त्याच कथेत पुढे पिवळा जातो आणि छातीभर पसरलेलं जाडजूड काळं वटवाघूळ येतं.

इथे एक चूक हमखास होते. १९८६ नंतर पिवळा संपला असं लोक धरून चालतात. तसं नाही. १९८७ च्या ‘इयर वन’ या कॉमिक कथेत वटवाघूळ साधं काळं आहे, कारण ती त्याच्या पहिल्या वर्षाची गोष्ट. पण दर महिन्याच्या अंकांत लंबवर्तुळ २००० पर्यंत टिकलं. १९८९ च्या टिम बर्टनच्या चित्रपटात आणि १९९२ च्या अ‍ॅनिमेशन मालिकेतही ते आहे. २०१० मध्ये ‘बॅटमॅन इन्कॉर्पोरेटेड’ या कॉमिकसोबत ते परतलं, २०११ मध्ये कॉमिक्सची नव्याने मांडणी झाली तेव्हा पुन्हा गेलं. २०१६ पासून काही काळ लंबवर्तुळ नाही, फक्त वटवाघळाच्या कडेने पिवळी रेघ. २०२२ च्या चित्रपटात तर चिन्ह कपड्यापासून वेगळंच होतं: छातीवरून काढून पात्यासारखं वापरता येणारा धातूचा तुकडा.

लंबवर्तुळ: दोन टाचण्या आणि एक दोरा

पुढची मापं १९७०-८० च्या दशकांतल्या भरीव पिवळ्या चिन्हाशी जुळणारी आहेत. नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी. हा एक नमुना जमला की बाकीचे त्यातूनच निघतात.

रुंदी ३० सेंमी, उंची १८ सेंमी धरू. जाड पुठ्ठ्यावर आडवी मध्यरेघ मारा आणि तिच्यावर दोन टाचण्या बरोबर २४ सेंमी अंतरावर रोवा. दोऱ्याला गाठ मारून बंद फेरा करा. गाठ मारल्यानंतर पूर्ण फेरा ५४ सेंमी, म्हणजे दुहेरी ताणला तर २७ सेंमी भरला पाहिजे. फेरा दोन्ही टाचण्यांभोवती टाका, आतून पेन्सिलीने ताणून धरा आणि एक चक्कर मारा. गोधडी शिवायचा जाड सुती दोरा उत्तम. नायलॉन ताणला जातो, मग रेघ जिथून निघाली तिथे परत येत नाही. पेन्सिल तिरकी झाली तरी तेच.

आता आतली रेघ, म्हणजे वटवाघळाच्या पंखांची बाहेरची हद्द. सगळीकडून १ सेंमी पिवळी पट्टी सुटायला हवी. टाचण्या तशाच ठेवून दोरा आखूड करायचा मोह होतो. तो टाळा. दोरा ५२ सेंमीचा केला तर बाजूंना १ सेंमी सुटतं, पण वर-खाली १.८ सेंमी, आणि वटवाघूळ चेपल्यासारखं दिसतं. टाचण्याही जवळ घ्याव्या लागतात: अंतर २३ सेंमी, फेरा ५१ सेंमी. असं केलं की आतलं लंबवर्तुळ २८ बाय १६ चं येतं आणि पट्टी चारही बाजूंना जवळपास सारखी राहते.

टी-शर्टसाठी ३० सेंमी फार मोठं. तिथे २० बाय १२ घ्या. बाहेरच्या रेघेला टाचण्या १६ सेंमीवर, फेरा ३६. आतल्या रेघेला टाचण्या १५.३ वर, फेरा ३४. खालची सगळी मापं दोन तृतीयांश करा.

वटवाघूळ: अर्धंच काढायचं

आतलं लंबवर्तुळ पातळ कागदावर उतरवा आणि कागद उभा दुमडा. घडीची रेघ म्हणजे वटवाघळाचा कणा. अर्धा भागच काढायचा, मापं घडीपासून बाजूला आणि मध्यरेघेपासून वर-खाली.

डोक्याचा माथा घडीवर, ४.२ सेंमी वर. कानाचं टोक घडीपासून १ सेंमीवर, ५.६ सेंमी वर. कानाची बाहेरची बाजू १.७ सेंमीवर, ३.६ सेंमी उंचीपर्यंत उतरते. तिथून खांद्याची रेघ खाली झोल घेऊन पुन्हा चढते आणि घडीपासून ७ सेंमीवर आतल्या लंबवर्तुळाला भिडते. तिथली उंची ६.९ सेंमी येते. हे पंखाचं वरचं टोक. इथून पंखाची बाहेरची कड लंबवर्तुळाच्या रेघेवरूनच चालवा, थेट खाली घडीपासून १० सेंमीवर येईपर्यंत (५.६ सेंमी खाली). मग कंगोरे: पहिली कमान मध्यरेघेखाली २.३ सेंमीपर्यंत चढते आणि घडीपासून ४.५ सेंमीवर, ४.८ सेंमी खाली टोक करते. दुसरी कमान २.८ सेंमीपर्यंत चढून शेपटीच्या टोकाला येते: घडीवर, ७.२ सेंमी खाली.

कान लांब करू नका. कान वाढले की वटवाघळाची मांजर होते. कंगोरे खोल आणि अरुंद झाले तर वेगळाच घोटाळा: पिवळे भाग दातांसारखे दिसायला लागतात. १९८९ च्या पोस्टरवरच्या चिन्हात अनेकांना वटवाघळाऐवजी उघडं तोंड दिसायचं ते यामुळेच; नजर पिवळ्याला आकार आणि काळ्याला पोकळी समजते. तुमच्या चित्रात तसं वाटलं तर कमानी रुंद करा आणि धडाचा काळा भाग वाढवा.

कापताना घडीच्या दोन्ही थरांना तीन-चार चिमटे लावा. थर सरकला की एक पंख बारीक होतो, आणि ते रंग दिल्यानंतरच लक्षात येतं. बाहेरची कड कात्रीने, कान सगळ्यात शेवटी ब्लेडने.

२०१६ सारखी पिवळी किनार हवी असेल तर लहान-मोठी दोन वटवाघळं कापून एकावर एक ठेवू नका. प्रमाणात मोठं केलेलं चित्र पंखांच्या टोकांना जास्त आणि मध्यभागी कमी बाहेर येतं. त्याऐवजी हार्डवेअरच्या दुकानातून लोखंडी वायसर आणा, ज्याची भोकापासून कडेपर्यंतची जाडी ४ मिमी आहे असा. पेन्सिल भोकाच्या आतल्या कडेला टेकवून वायसर कापलेल्या कडेवरून फिरवा. किनार सगळीकडे सारखी येते. फक्त टोकांजवळच्या अरुंद खाचांत वायसर शिरत नाही, तेवढं हाताने पुरं करा.

रंग

करड्या सुती टी-शर्टवर पिवळा थेट लावला तर मळकट हिरवट दिसतो. आधी लंबवर्तुळात पांढऱ्याचा पातळ थर, तो वाळल्यावर पिवळ्याचे दोन पातळ थर. शर्ट नवा असेल तर आधी धुवून घ्या, खळ असली तर रंग धरत नाही. आत पुठ्ठा सारायला विसरू नका, नाहीतर पाठीवरही वटवाघूळ उमटेल.

पिवळं पूर्ण भरायचं आणि काळं त्यावर चढवायचं. काळ्यासाठी जागा सोडून भोवती पिवळं भरलं तर मधे करडी फट राहतेच. स्टेन्सिल जुन्या ओएचपी शीटचा किंवा एक्स-रे फिल्मचा करा. ब्रश वापरला तर रंग कडेखाली घुसतो, म्हणून स्पंज जवळपास कोरडा होईपर्यंत टिपून घ्या आणि उभा दाबत चला. काळा एकदम जाड लावला तर दोन-तीन धुण्यांत तडकतो. दोन पातळ थर पुरतात.

लंबवर्तुळाची वरची कड गळ्याच्या पट्टीपासून ६-७ सेंमी खाली ठेवा. पोटाकडे सरकलं की सगळा रुबाब जातो. केप जोडणार असाल तर १९६०-७० च्या नमुन्याला ती निळी शोभते: छपाईत काळ्या कापडावरची चमक निळ्याने दाखवत आणि ती निळाई हळूहळू कापडाचा रंगच बनली. २००० नंतरच्या रूपाला मात्र काळी.

हे सगळं स्वतःच्या अंगावर घालण्यासाठी. चिन्ह डीसी या कॉमिक्स कंपनीच्या मालकीचं आहे, विकायचं असेल तर परवाना लागतो.

रंग पूर्ण वाळायला २४ तास द्या. मग शर्ट उलटा करून मागच्या बाजूने, वाफ बंद ठेवून सुती कपड्याच्या तापमानावर इस्त्री फिरवा. किती मिनिटं ते रंगाच्या बाटलीवर लिहिलेलं असतं. पहिली धुलाई तीन दिवसांनी, थंड पाण्यात, उलटं करून.