नागपूरहून फ्लाइट आहे आणि सिगारेटची तलफ पण आहे? मग निघायच्या आधी हे वाचा

आमच्या ओळखीतला एक जण पहिल्यांदाच दोह्याला चालला होता, त्याला व्हिसाचं टेन्शन नाही, बॅगच्या वजनाचं नाही, रात्री अकरा वाजता फोन करून विचारते काय तर "भाऊ, एअरपोर्टवर ओढायचं कुठं?" असे फोन मला नेहमीच येतात कारण मी स्वतः पंधरा वर्षं ओढून राहिलो आणि कामासाठी फिरणं पण भरपूर, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. सोडायचं कसं हे इथं नाहीये, त्यात मी स्वतःच तीनदा नापास आहे.

पहिली गोष्ट डोक्यात फिट करा. लोकांना वाटते सिक्युरिटी चेक म्हणजे बॉर्डर. तसं नाही, आपल्या देशात बॉर्डर म्हणजे टर्मिनलचं दार, जिथं सीआयएसएफवाला तिकीट आणि आधार पाहते. बाहेरच्या देशांत बऱ्याच ठिकाणी बॅग देऊन झाल्यावर पण आरामात बाहेर येऊन उभं राहता येते, आपल्याकडं एकदा आत गेले की "दोन मिनिटांत आलो" म्हणून बाहेर पडता येत नाही, एअरलाइनच्या माणसाला पकडा, कारण सांगा, नोंद करा, एवढं सगळं एका सिगारेटसाठी कोण करते! त्यामुळे सोनेगावहून, म्हणजे आपल्या नागपूरच्या एअरपोर्टवरून, निघताना शेवटची सिगारेट दाराच्या बाहेरच झाली पाहिजे आणि आत काही सोय असेल असं धरून चालायचंच नाही.

बाहेर म्हणजे पण अगदी दारासमोर नाही बरं का. तिथं लेकरं असतात, म्हातारी माणसं असतात, सोडायला आलेलं अर्धं खानदान असते, आणि गार्डनं हटकलं की उगाच तमाशा. पार्किंगच्या बाजूला मोकळ्यात जा, "इथं चालेल का" असं गार्डलाच आधी विचारून घ्या, तोच हातानं जागा दाखवते. त्याहून सोपं म्हणजे घरून येतानाच वर्धा रोडवरच्या एखाद्या पानठेल्यावर थांबायचं, चहा पण होते आणि काम पण होते. मेट्रोनं येणाऱ्यांसाठी सांगतो, एअरपोर्ट नावाचं स्टेशन टर्मिनलला चिकटून नाहीये, रोडवर आहे, तर मधल्या वाटेत उरकून घ्या, स्टेशनात पेटवायची नाही.

आता कायदा थोडक्यात. २००३ चा कोटपा, म्हणजे तंबाखूवर नियंत्रण ठेवणारा कायदा, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेले नियम, सार्वजनिक जागी ओढलं तर २०० रुपयांपर्यंत दंड. कर्नाटकानं तो १००० केला आहे, बेंगळुरूला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. याच कायद्यात एअरपोर्टसाठी एक सूट आहे, स्मोकिंगसाठी वेगळी जागा करता येईल अशी. करता येईल, करावीच असं नाही! सगळी गोम इथंच आहे, म्हणून एका शहरात खोली सापडते आणि दुसऱ्या शहरात नाही, आणि गेल्या वर्षी होती म्हणून यंदा असेलच याची गॅरंटी नाही. जिथं असते तिथं चारी बाजूंनी छतापर्यंत भिंती, आपोआप लागणारं दार आणि धूर बाहेर फेकणारा पंखा लागते, आणि आत फक्त ओढणं, चहा-कॉफी काही द्यायला परवानगी नाही. एकदा एका मोठ्या एअरपोर्टवर बोर्ड पाहत पाहत मी पंधरा मिनिटं चाललो आणि पोचलो तर दाराला कुलूप. तेव्हापासून मी बोर्डवर भरवसा ठेवत नाही, झाडू मारणाऱ्या मावशींना विचारतो, त्यांना बरोबर माहीत असते कोणती खोली चालू आहे ते.

लायटरचं मात्र नीट समजून घ्या, इथंच सगळे फसतात. आपल्याकडं लायटर आणि माचिस हातातल्या बॅगेत पण चालत नाही आणि चेक-इनच्या बॅगेत पण नाही. लोक हुशारी करून मोठ्या बॅगेत कपड्यांच्या आत टाकतात, ते एक्सरेमध्ये दिसते, मग नावानं अनाउन्समेंट, मग तुम्ही घामाघूम होऊन बॅग उघडून राहिले आणि तिकडं बोर्डिंग सुरू. वडिलांनी दिलेला भारी लायटर असेल तर घरीच ठेवा, दहा रुपयांचा वापरा आणि आत जायच्या आधी सोडायला आलेल्याच्या हातात द्या. सिगारेटचं पाकीट मात्र सोबत नेता येते. मग आत स्मोकिंग रूम असली तर पेटवायची कशी? भिंतीवर इलेक्ट्रिक लायटर बसवलेला असते, छोटं भोक, आत गरम होणारी तार, बटण दाबून धरायचं, तार लाल झाली की सिगारेटचं टोक लावून ओढायचं. पहिल्यांदा सगळेच चुकतात, घाबरायचं नाही, शेजारचा दाखवून देते. त्या खोलीत जेवढी भाईबंदकी दिसते तेवढी लग्नात पण दिसत नाही.

व्हेप नेऊच नका. आपल्याकडं २०१९ पासून ई-सिगारेटवर बंदी आहे, थायलंड आणि सिंगापूरमध्ये तर फार कडक आहेत.

आता पुढचा टप्पा. मुंबई किंवा दिल्लीला विमान बदलणार असाल आणि टर्मिनल पण बदलत असेल, उदाहरणार्थ मुंबईत टी-१ वरून टी-२, तर रस्त्यानं जावं लागते, म्हणजे तुम्ही आपोआप बाहेर येता, तोच तुमचा चान्स. टर्मिनल एकच असेल आणि आतूनच ट्रान्सफर असेल तर हा चान्स नाही. नागपूरहून सरळ दोहा किंवा शारजाला जाणाऱ्यांना मधे चारेक तास काढावे लागतात, पण दोह्याला उतरले की आत स्मोकिंग रूम आहेत, दुबईलाही आहेत. सिंगापूरच्या चांगी एअरपोर्टवर तर सूर्यफुलांच्या बागेत उघड्यावर उभं राहून ओढता येते, विमानं पाहत. उलट बँकॉकला सुवर्णभूमी एअरपोर्टच्या आतल्या खोल्या २०१९ च्या फेब्रुवारीत बंद केल्या, अमेरिकेतल्या अटलांटानं २०२० च्या जानेवारीत, आणि लंडनच्या हीथ्रोला सिक्युरिटीच्या आत गेले की कुठंच नाही. अशा ठिकाणी लेओव्हर सहा तासांचा असेल तर जेवून घ्या, झोपा, आणि निकोटिनचं च्युइंगगम ठेवा, मेडिकलमध्ये २ मिलिग्रॅमचं भेटते. ते बबलगमसारखं चावत बसायचं नाही, थोडं चावा, झणझण झाली की गालात दाबून ठेवा, परत थोडं चावा. भराभर चावलं तर उचकी लागते, अनुभव आहे.

खर्रावाल्यांनो, म्हणजे सुपारी-तंबाखू घोटून चघळणाऱ्यांनो, तुमचं पण सांगतो. धूर नाही म्हणून तुम्हाला वाटते आपण सुटलो, पण थुंकणार कुठं राजेहो? विमानात चार तास पन्नी तोंडाला लावून बसणारा मी पाहिला आहे, शेजारची बाई रडकुंडीला आली होती. आणि सिंगापूरला चघळायची तंबाखू नेताच येत नाही, घोटलेल्या पुड्या नागपुरातच ठेवा.

विमानाच्या संडासात ओढायचा विचार पण करू नका. "दारावर ॲशट्रे आहे म्हणजे चालत असेल" असं म्हणणारा एक तरी भेटतेच. ती ॲशट्रे यासाठी असते की कोणी मूर्खानं पेटवलीच तर त्यानं थोटूक कागदाच्या डब्यात टाकू नये. १९७३ मध्ये पॅरिसजवळ ब्राझीलच्या एका विमानात मागच्या संडासात आग लागली आणि १२३ माणसं गेली, तेव्हापासून त्या डब्याकडं सगळे गंभीरपणे पाहतात. आत स्मोक डिटेक्टर असते, तो झाकला तर ते वेगळंच लफडं, आणि उतरल्यावर पोलीस दारातच उभे राहतात.

येताना ड्युटी-फ्रीतून मित्रांसाठी आणायची असेल तर भारतात १०० सिगारेटी फुकट आणता येतात, म्हणजे वीसची पाच पाकिटं, अख्खा दोनशेचा कार्टन नाही. आणि सोनेगावला उतरून बाहेर आले की घाई करू नका, तुमच्याजवळ लायटर नाहीये हे विसरलात ना? घ्यायला येणाऱ्याला आधीच मेसेज करून ठेवा, माचिस घेऊन ये म्हणून.