इंजिनाचे मागचे ऑइल सील घरी कसे बदलावे

क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) इंजिनातून बाहेर येऊन फ्लायव्हीलला, म्हणजे मागच्या जड चक्राला मिळतो, त्या तोंडाशी ऑइल आत अडवणारी एक छोटीशी कडी बसवलेली असते. तेच मागचे ऑइल सील. ते बदलायला फार तर पाऊण तास लागतो. पण तिथवर पोहोचायचे तर आधी गिअरबॉक्स, मग क्लच आणि मग फ्लायव्हील उतरवावे लागते. पहिल्यांदाच करत असाल तर दोन पूर्ण दिवस मोकळे ठेवा. इथे सांगितलेली पद्धत हाताने गिअर बदलायच्या गाडीसाठी आहे. ऑटोमॅटिक गाडीत टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागी असणारा भाग) बसवताना थोडे जरी चुकले तरी गिअरबॉक्सचा पंप तुटू शकतो, त्यामुळे ते काम घरी करू नये असे माझे मत आहे.

इतका खटाटोप करायचा म्हटल्यावर गळती तिथूनच आहे याची खात्री हवी. ऑइल वरून खाली ओघळते आणि गाडी धावताना वाऱ्याने मागे सरकते. टॅपेट कव्हरचे (इंजिनाच्या वरच्या झाकणाचे) पॅकिंग, ऑइल प्रेशर स्विच, चेंबरचे (खालच्या ऑइलच्या टाकीचे) पॅकिंग यांपैकी काहीही गळत असले तरी थेंब इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखालीच दिसतो. इंजिनाची मागची बाजू डिग्रीझरने धुऊन कोरडी करा, गाडी थोडी फिरवा आणि टॉर्च घेऊन वरून खाली पाहत या. वरचा भाग कोरडा आणि फक्त बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या घंटेसारख्या आवरणाच्या) खालच्या भोकातून ऑइल येत असेल तर संशय पक्का होतो. मात्र बोटावर घेऊन वास घ्या. गंधकासारखा उग्र वास आला तर ते गिअर ऑइल आहे, आणि दोषी आहे गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे (क्लचमध्ये शिरणाऱ्या दांड्याचे) सील.

आणखी एक तपासणी, जी बहुतेक जण टाळतात. क्रँककेसमधला (क्रँकशाफ्टभोवतीच्या इंजिनाच्या पोकळीतला) दाब बाहेर सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह किंवा त्याची नळी तुंबली असेल, तर आतला दाब ऑइलला सीलमधून बाहेर ढकलतो. अशा इंजिनाला नवे सील घातले तरी तेही गळू लागणार. व्हॉल्व्ह आधी साफ करा किंवा बदला. कधीकधी एवढ्यानेच गळती थांबते. आणि कधीतरी एखादाच थेंब पडत असेल, क्लच घसरत नसेल, तर ऑइलची पातळी तपासत गाडी चालवत राहणे यातही काही गैर नाही.

गाडी सपाट, टणक जमिनीवर घ्या, बॅटरीची ऋण तार काढा आणि गाडी चार स्टँडवर उभी करा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचे नाही. गिअरबॉक्स सहज ३० ते ५० किलोचा असतो, तेव्हा त्याच्यासाठी वेगळा जॅक आणि जोडीला एक माणूस हवाच. पुढची चाके ओढणाऱ्या गाडीत माउंटिंग काढल्यावर इंजिन लटकू नये म्हणून त्याला वरून आडव्या दांड्याचा किंवा खालून आधार द्या.

आता गिअर ऑइल काढा. ड्राइव्ह शाफ्ट, स्टार्टर, गिअरची जोडणी आणि क्लचची केबल किंवा सिलिंडर एकेक करून सोडवा. बेल हाउसिंगचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. एका पुठ्ठ्यावर हाउसिंगची आकृती काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचून ठेवा. गिअरबॉक्स सरळ मागे ओढा. इनपुट शाफ्टवर त्याचे वजन क्षणभरही टांगू देऊ नका, क्लच प्लेट वाकते.

प्रेशर प्लेटचे (क्लच प्लेट फ्लायव्हीलवर दाबणाऱ्या भागाचे) बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे सैल करत काढा. फ्लायव्हीलच्या जागेची खूण करा आणि बोल्ट निघाल्यावर फ्लायव्हील दोन्ही हातांनी नीट धरा. पायावर पडले तर हाड मोडेल.

सील दिसले की घाई सुटते, आणि नेमके इथेच सांभाळायचे असते. जुने सील किती खोल बसले आहे ते आधी मोजून लिहून ठेवा. मग त्याच्या धातूच्या भागाला बारीक भोक पाडून स्क्रू पिळा आणि पकडीने बाहेर ओढा. ड्रिल शाफ्टला लागता कामा नये. कीस आत पडू नये म्हणून ड्रिलच्या टोकाला ग्रीस लावा. स्क्रू ड्रायव्हरने उचकटायचा मोह होतो, पण शाफ्टवर उठलेला एक ओरखडा नवे सील पहिल्या दिवसापासून गळवतो.

शाफ्ट कापडाने पुसून त्यावरून नख फिरवा. जुन्या सीलच्या ओठाने (शाफ्टला टेकणाऱ्या आतल्या कडेने) चर पाडली असेल तर नख अडकते. अशा वेळी, जागा असेल तर, नवे सील एक-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवा किंवा शाफ्टवर दुरुस्तीची पातळ बाही (स्लीव्ह) चढवा. नुसतेच नवे सील बसवून काम संपवू नका.

रबरी ओठाचे, आत स्प्रिंग असलेले सील बसवताना ओठाला स्वच्छ इंजिन ऑइल लावा आणि स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे ठेवा. टेफ्लॉनचे सील मात्र अगदी कोरडे बसवायचे असते. त्याला ऑइलचा थेंबही लागू देऊ नका. त्याच्यासोबत आलेली प्लॅस्टिकची बाही सील शाफ्टवर चढेपर्यंत काढू नका आणि इंजिन सुरू करण्याआधी उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबा. दोन्ही प्रकारांत सील सपाट पट्टीने चारही बाजूंनी सारखे ठोकत आत न्या. तिरके गेले तर परत काढून नवेच घ्या.

फ्लायव्हील आणि शाफ्टची बैठक ब्रेक क्लीनरने पुसा. बऱ्याच इंजिनांत फ्लायव्हीलचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, म्हणून नवेच लावा. काही ठिकाणी त्यांची भोके थेट क्रँककेसमध्ये उघडतात. तिथे आट्यांना सीलंट लावले नाही, तर ऑइल बोल्टमधून झिरपते आणि दोष बिचाऱ्या नव्या सीलला जातो. बोल्ट समोरासमोर, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचने (किती जोराने आवळले ते मोजणाऱ्या पान्याने) गाडीच्या पुस्तिकेतील आकड्यापर्यंत आवळा.

ऑइलने भिजलेली क्लच प्लेट धुऊन वापरू नका, बदला. रिलीज बेअरिंग (क्लच दाबल्यावर प्रेशर प्लेट सोडवणारे बेअरिंग) आणि गिअरबॉक्सचे इनपुट सीलही आताच बदलणे शहाणपणाचे, कारण त्यासाठी पुन्हा सगळे उतरवायला कोण तयार होईल? क्लच प्लेट संरेखन दांड्याने (ती मधोमध धरणाऱ्या अवजाराने) मधोमध बसवा. गिअरबॉक्स हाताने ढकलून इंजिनाला पूर्ण टेकला पाहिजे. फट राहिली असताना बोल्ट आवळून ओढू नका, हाउसिंग तडकते.

शेवटी गिअर ऑइल भरा, क्लच जुळवा किंवा त्यातली हवा काढा, इंजिन ऑइलची पातळी पाहा. इंजिन गरम होईपर्यंत चालवून बेल हाउसिंगखाली टॉर्च मारा. बसवण्याआधी हाउसिंग आतून पुसायचे राहिले असेल तर पहिले काही दिवस जुनेच ऑइल ठिबकेल. ते पुसून टाका आणि शे-दोनशे किलोमीटर चालवून पुन्हा पाहा.