ड्राफ्टआधी खेळाडू जोखायला शिकताय? टॅकलपासून सुरुवात करा

एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग. तिचे संघ कॉलेजच्या खेळाडूंमधून आळीपाळीने निवड करतात तो ड्राफ्ट एप्रिलच्या अखेरीस असतो. 32 संघ, 7 फेऱ्या, अडीचशेच्या आसपास निवडी. या नादाला नव्याने लागलेला जवळपास प्रत्येक जण क्वार्टरबॅकपासून, म्हणजे पास फेकणाऱ्यापासून, सुरुवात करतो, कारण चेंडू त्याच्या हातात आणि चर्चाही त्याचीच. मला कुणी विचारलं तर मी सांगतो, पहिला मोसम ऑफेन्सिव्ह टॅकलला द्या, म्हणजे पुढच्या फळीच्या टोकाला उभं राहून क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्याला.

संघांच्या स्काउटांकडे उंचावरून घेतलेली फिल्म असते, तिच्यात मैदानावरचे बावीसही खेळाडू दिसतात. कॉलेज सामन्यांची तशी फिल्म आपल्याला सहसा मिळत नाही. आपल्या वाट्याला टीव्हीचं प्रक्षेपण, आणि टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो. सेफ्टी (बचावातला सगळ्यात मागचा खेळाडू) तर बहुतेक वेळा स्नॅपच्या, म्हणजे चेंडू खेळात येण्याच्या, आधीच चौकटीबाहेर असतो. पास झेलणारा रिसीव्हर थोडं धावून दिसेनासा होतो. तो मोकळा होता की नाही हेच दिसलं नाही, तर क्वार्टरबॅकचा निर्णय बरोबर होता हे कशावरून ठरवणार? टॅकलचं काम मात्र चेंडू सुटेपर्यंत आपल्यासमोर चालू असतं.

सामना निवडताना निकाल बघू नका, समोर कोण खेळतंय ते बघा. दुबळ्या संघाविरुद्ध सगळेच टॅकल भिंतीसारखे वाटतात. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या रशॉन स्लेटरचं उदाहरण घ्या. कोविडमुळे त्याने 2020 चा मोसम खेळलाच नाही. त्यामुळे 2021 च्या ड्राफ्टआधी सगळ्यांनी त्याची 2019 ची फिल्म काढली, आणि त्यातही ओहायो स्टेटविरुद्धचा सामना, कारण समोर चेस यंग होता. त्या मोसमात साडेसोळा सॅक काढणारा (सॅक म्हणजे क्वार्टरबॅकला चेंडूसकट पाडणं), पुढच्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकाने गेलेला एज रशर, म्हणजे कडेने क्वार्टरबॅकवर धावून येणारा. एखाद्या टॅकलबद्दल दहा सोप्या सामन्यांतून जे कळत नाही ते अशा एका सामन्यात कळतं.

प्रत्येक प्ले, म्हणजे स्नॅपपासून चेंडू थांबेपर्यंतचा एक प्रयत्न, निदान तीनदा बघा. पहिल्यांदा फक्त पाय. रशर बाहेरून वळसा घालून येतो तेव्हा टॅकलला तिरकं मागे सरकत त्याची वाट अडवावी लागते. याला किक स्लाइड म्हणतात. पाय एकमेकांना ओलांडून गेले की तोल गेलाच समजा. आणि बाहेरची वाट अडवायच्या नादात तो आतली बाजू मोकळी सोडतोय का? चांगला रशर नेमकी तीच हेरतो. दुसऱ्यांदा हात. इथे कबड्डी पाहिलेल्या माणसाला फार समजावावं लागत नाही: उतावळा कॉर्नर झेप घेतो आणि चढाईपटू निसटतो, तसंच टॅकलने घाईने दोन्ही हात फेकले की रशर ते झटकून पुढे जातो. हात कधी टाकले आणि छातीवर बसले की खांद्याबाहेर गेले, दोन्ही लिहून ठेवा. खांद्याबाहेरचे हात म्हणजे उद्याचा होल्डिंगचा (समोरच्याला पकडून ठेवण्याचा) दंड, 10 यार्डांचा. तिसऱ्यांदा कंबर. रशर सरळ छातीवर आदळतो तेव्हा टॅकल एक-दोन पावलं मागे ढकलला गेला तरी हरकत नाही. गुडघ्यात वाकून तो तिथे थांबतो, की कंबरेत वाकून क्वार्टरबॅकच्या अंगावर जातो, एवढंच बघायचं.

आता नवख्यांना हमखास चकवणारी गोष्ट. कॉलेजच्या कित्येक संघांमध्ये पास झटकन सुटतो, किंवा स्क्रीन, म्हणजे जवळच दिलेला आखूड पास, असतो. अशा प्लेमध्ये टॅकलने रशरला नुसता धक्का दिला तरी भागतं, म्हणून ‘मोसमभर सॅक दिला नाही’ या कौतुकाला मी फारसं महत्त्व देत नाही. तिसरा डाउन (10 यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला तिसरा), आठ-दहा यार्ड बाकी, पास येणार हे अख्ख्या स्टेडियमला माहीत: असे प्ले वेगळे काढा. सामन्यात ते थोडेच असतात, पण माझं निम्मं मत त्यांच्यावर बनतं.

ते मत कंबाइनच्या, म्हणजे ड्राफ्टआधी होणाऱ्या मोजमाप-चाचण्यांच्या, आधी कागदावर उतरलेलं हवं. इंडियानापोलिसमध्ये फेब्रुवारीच्या अखेरीस आकडे यायला लागले की पाहिलेली फिल्मही वेगळी दिसू लागते. ओक्लाहोमाच्या ऑर्लँडो ब्राउन ज्युनियरने 2018 मध्ये 40 यार्ड धावायला 5.85 सेकंद घेतले आणि 225 पाउंडांचा, म्हणजे 102 किलोंचा बार 14 वेळाच उचलला. पहिल्या फेरीतलं नाव तिसऱ्या फेरीत, 83 व्या क्रमांकावर गेलं. पुढे तो चार वेळा प्रो बोलसाठी, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंमध्ये, निवडला गेला. 2023 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, तो कॅन्सस सिटीचा लेफ्ट टॅकल होता. समोर त्या मोसमात 70 सॅक काढलेला फिलाडेल्फियाचा संघ, आणि त्या सामन्यात कॅन्सस सिटीने एकही सॅक दिला नाही. म्हणून आकडे फेकून द्यायचे असं नाही. टॅकलच्या बाबतीत मी पहिल्या 10 यार्डांची वेळ बघतो. सामन्यात सलग 40 यार्ड धावायची पाळी त्याच्यावर येते कधी?

हाताच्या लांबीवरून दरवर्षी वाद होतो. 33 इंचांपेक्षा, म्हणजे साधारण 84 सेंटिमीटरांपेक्षा आखूड हात असले की ‘याला गार्ड करा’, म्हणजे टॅकलच्या आतल्या जागी खेळवा, असा सूर लागतो. स्लेटर बरोबर त्या रेषेवर होता. चार्जर्स संघाने त्याला 13 वा निवडून लेफ्ट टॅकललाच ठेवलं आणि पहिल्याच मोसमात तो प्रो बोलपर्यंत पोचला. मापामुळे शंका आली तर पुन्हा फिल्मकडे जा: लांब हातांचा रशर त्याच्या छातीपर्यंत आधी पोचतोय का? बाजू बदलण्याबद्दलही असंच. पेनेई सूएल ओरेगनमध्ये लेफ्ट टॅकल होता, डेट्रॉइटमध्ये राइट टॅकल म्हणून ऑल-प्रो झाला, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तमांच्या यादीत आला.

वैद्यकीय तपासण्या आणि मुलाखती आपल्यापर्यंत पोचत नाहीत. एखादा खेळाडू अचानक का घसरला यावर छातीठोकपणे बोलू नका.

टिपण छोटं ठेवा, पण ‘ताकदवान आहे’ असलं काही लिहू नका. कोणता क्वार्टर, घड्याळात किती वेळ, समोर कोण, काय घडलं. हायस्कूलनंतर तीन वर्षं झालेले खेळाडू मोसम संपल्यावर लवकर ड्राफ्टमध्ये उतरू शकतात, त्यामुळे जानेवारीच्या मध्यापर्यंत यादी पक्की समजू नका.

भारतातून बघणाऱ्यांसाठी: शनिवारी दुपारी बाराचे (अमेरिकेच्या पूर्वेकडची वेळ) सामने आपल्याकडे रात्री साडेनऊला सुरू होतात, नोव्हेंबरात घड्याळं बदलली की साडेदहाला. ड्राफ्टची पहिली फेरी शुक्रवारी पहाटे साडेपाचला, दुसरी-तिसरी शनिवारी पहाटे साडेचारला, उरलेल्या शनिवारी रात्री साडेनऊपासून. एकदाच झोप मोडायची असेल तर दुसऱ्या दिवसासाठी मोडा. पहिल्या फेरीतली बरीच नावं तोवर सगळ्यांच्या तोंडी झालेली असतात. तुमच्या वहीतला, इतरांनी बाजूला टाकलेला टॅकल निघाला तर बहुधा त्या पहाटे निघेल.